न झालेल्या सत्रावर सही करावी का?

प्रश्न : मी सोलापुरात विजापूर रोडवरील एका केंद्रात स्वमग्न मुलांसोबत वर्तनोपचाराचे काम करते. जानेवारीत आमच्या पर्यवेक्षक मॅडमची पर्यवेक्षणाची दोन सत्रे झाली नाहीत. एकदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत मीच अडकले, एकदा त्यांनी रद्द केले. आता नोंदवहीत जुन्या तारखा टाकून सही कर, असे त्या म्हणतात. काय करावे?

उत्तर : सही करू नका. अमेरिकेतील वर्तनोपचाराचे प्रमाणन मंडळ आरबीटी (नोंदणीकृत वर्तन-तंत्रज्ञ) यांच्यासाठी महिन्यातील कामाच्या किमान ५ टक्के तास, म्हणजे ८० तासांमागे ४ तास, पर्यवेक्षण मागते आणि त्यात मुलासोबतचे काम प्रत्यक्ष पाहणेही येते. तो नियम तुमच्यावर बंधनकारक नसला तरी त्यामागचे कारण इथेही तेच आहे: हात चावणाऱ्या मुलाला दर वेळी खेळणे देऊन आपण शांत करत असलो, तर चावणे नकळत पक्के होत जाते, आणि हे करणाऱ्यापेक्षा शेजारी बसून पाहणाऱ्याला लवकर दिसते.

नोंदवहीत ‘सत्र झाले नाही’ असे लिहून कारण, रद्द करणाऱ्याचे नाव आणि भरपाईच्या सत्राची खरी तारीख टाका. मॅडमना हे आधी लेखी, अदबीने कळवा. त्यांनी आग्रह सोडला नाही, तर केंद्रप्रमुखांकडे जा. (नोकरीची धास्ती वाटणारच, म्हणून लेखी म्हटले.) भरपाई होईपर्यंत त्रासदायक वर्तन कमी करण्याचा नवा कार्यक्रम स्वतःहून सुरू करू नका. पालकांकडून त्या सत्रांचे पैसे घेतले असतील, तर त्यांनाही सांगायला हवे. यात्रेत अडकणे ही सोलापुरात लपवण्यासारखी गोष्ट नव्हेच.