पासवर्ड आठवत नसेल तर आधी काहीही पुसू नका

वाचकांचे प्रश्न : घरचं वाय-फाय आणि हातातला फोन

प्रश्न : आमच्या वाय-फायचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही. जुना अँड्रॉइड फोन अजून त्यावर चालतो, नवा फोन मात्र पासवर्ड मागतो. जुन्या फोनमधून तो काढता येईल का?

उत्तर : येईल. पण जुना फोन जोडलेला आहे तोवर त्यातल्या 'फरगेट' या बटणाला अजिबात हात लावू नका. कनेक्शनची कुरबुर झाली की 'एकदा काढून परत जोडून बघू' असं बहुतेकांना वाटतं, आणि तिथंच हातातला एकमेव पासवर्ड जातो. 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' तर आणखी वाईट. त्यानं साठवलेली सगळी वाय-फाय नेटवर्कं आणि ब्लूटूथच्या जोड्याही एका फटक्यात पुसल्या जातात.

२०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून पासवर्ड दुसऱ्याला देण्याची सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमधून वाय-फायच्या यादीत जा, जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारा आणि 'शेअर' निवडा. फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागेल, मग क्यूआर कोड दाखवेल. काही फोनवर चाक नसतं, नावावर टिचकी मारली की कोड थेट येतो, तर काहींवर बटणावर 'शेअर'ऐवजी 'क्यूआर कोड' असंच लिहिलेलं असतं. पासवर्ड पुष्कळदा कोडच्या खाली साध्या अक्षरांतही असतो. नव्या फोनच्या कॅमेऱ्यानं किंवा वाय-फायच्या यादीतल्या स्कॅनच्या चिन्हानं तो कोड टिपला की काम झालं, काही टाइप करावं लागत नाही.

खाली अक्षरं दिसत नसतील आणि पासवर्ड वाचूनच हवा असेल (टीव्हीला क्यूआर कोड कसा दाखवणार?), तर स्क्रीनशॉट घेऊन तो गूगल लेन्सनं उघडा. फोन त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊ देत नसेल तर दुसऱ्या फोननं फोटो काढा. कोडमधला मजकूर ठरलेल्या साच्यात असतो. सुरुवातीला 'वायफाय' हा शब्द इंग्रजीत, मग टी, एस, पी अशी अक्षरं, प्रत्येकापुढे कोलन आणि माहिती, आणि दोन तुकड्यांमध्ये अर्धविराम. टीपुढे सुरक्षेचा प्रकार, एसपुढे नेटवर्कचं नाव आणि पीपुढे पासवर्ड. या तुकड्यांचा क्रम मागेपुढे होऊ शकतो, म्हणून पी हेच अक्षर शोधा. एक खोच लक्षात ठेवा. पासवर्डमध्येच अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन किंवा उलटी तिरकी रेघ असेल, तर कोडमध्ये त्या चिन्हाआधी एक जास्तीची उलटी तिरकी रेघ घातलेली असते. ती पासवर्डचा भाग नाही, टाइप करताना गाळा.

फोन अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचा असेल तर हा मार्ग बंद आहे. तरीही तो फोन निरुपयोगी नाही, कारण त्यावरून राउटरचं पान उघडता येतं. ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : आयफोनवर हेच कसं करायचं?

उत्तर : २०२२ च्या आयओएस १६ पासून सोपं आहे. सेटिंग्ज, मग वाय-फाय, नेटवर्कच्या नावापुढचं गोल 'आय', आणि तिथल्या 'पासवर्ड' या ओळीवर टिचकी. चेहरा किंवा पासकोड दिला की पासवर्ड दिसतो आणि कॉपीही होतो. सध्या पल्ल्यात नसलेलं नेटवर्क हवं असेल तर वाय-फायच्या पानावर वर कोपऱ्यात 'एडिट' आहे, त्यात साठवलेली सगळी नावं मिळतात.

दुसरा फोनही आयफोनच असेल तर दोन्ही जवळजवळ धरा. दोन्हीकडे वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू, हॉटस्पॉट बंद, आणि एकमेकांच्या अॅपल खात्याचा ईमेल एकमेकांच्या संपर्कयादीत. नव्या फोनवर नेटवर्क निवडलं की जुन्यावर 'शेअर पासवर्ड'ची खिडकी उघडते. ती उघडली नाही तर दहातले नऊ वेळा संपर्कयादीतला ईमेलच राहिलेला असतो.

आयफोनवर 'फरगेट' आणखी महागात पडतं. आयक्लाउड कीचेन (अॅपलची, खात्यातल्या सगळ्या उपकरणांवर पासवर्ड साठवणारी सोय) चालू असेल तर एका उपकरणावर विसरायला लावलेलं नेटवर्क त्याच खात्याच्या बाकीच्या उपकरणांवरूनही निघून जातं.

प्रश्न : फोन वाय-फायला जोडलेला आहे, पण ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की भलतीच शोधपानं उघडतात किंवा 'साइट सापडत नाही' असं येतं. काय चुकतं?

उत्तर : आधी पत्ता बरोबर आहे का ते पाहा. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे नेहमीचे पत्ते असले तरी प्रत्येक राउटरचा तोच असतो असं नाही. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' आणि आयफोनवर 'राउटर' या ओळीपुढे जो आकडा दिसतो तोच पत्ता. तो इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि आधी 'एचटीटीपी', कोलन, दोन तिरक्या रेघा हे सगळं लिहा, नाहीतर ब्राउझर त्याला शोधशब्द समजू शकतो. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला तर घाबरू नका. घरातल्या राउटरचं प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीचं नसतं, इतकाच त्याचा अर्थ. ही मोकळीक मात्र फक्त घरच्या राउटरच्या पत्त्यापुरती.

त्यानंतर मोबाइल डेटा बंद करा. राउटरला त्या वेळी इंटरनेट मिळत नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि तिथून तुमचा राउटर दिसणं शक्यच नाही. व्हीपीएन चालू असेल तर तोही थांबवा.

पान उघडल्यावर जो पासवर्ड मागितला जातो तो वाय-फायचा नाही, राउटरच्या व्यवस्थापनाचा. हे दोन वेगळे आहेत आणि सगळा घोटाळा इथं होतो. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर असतो. नव्या राउटरांत तो पहिल्या वापराच्या वेळी आपणच ठरवलेला असतो. अंदाजपंचे टाकत बसू नका, कारण पुष्कळ राउटर काही चुकांनंतर थोडा वेळ दार बंद करतात.

आत गेल्यावर 'वायरलेस' आणि त्याखाली 'सिक्युरिटी' शोधा. पासवर्डच्या चौकटीवर 'प्री-शेअर्ड की' किंवा 'पासफ्रेज' असं नाव असू शकतं, शेजारच्या डोळ्यावर टिचकी मारली की टिंबांची अक्षरं होतात. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रकाने वेगळे असतील तर दोन्ही बघा, पासवर्ड दोन असू शकतात. डोळाच नसेल तर नवा पासवर्ड घालता येतो, पण तो आधी कागदावर लिहा. 'सेव्ह' दाबताक्षणी तुमचाच फोन नेटवर्कवरून खाली पडतो, आणि टाइप करताना एखादं अक्षर चुकलं असेल तर तुम्ही स्वतःच्याच दाराबाहेर.

मेश प्रकारच्या (घरभर ठेवलेल्या अनेक डब्यांचं मिळून एकच नेटवर्क करणाऱ्या) राउटरांना असं पान बहुधा नसतं किंवा नावापुरतं असतं. त्यांचा कारभार अॅपमधून चालतो. ज्या खात्यानं ते बसवलं त्या खात्यानं अॅप उघडलं की पासवर्ड दाखवण्याची सोय मिळते.

प्रश्न : आमच्याकडे आता एकही फोन जोडलेला नाही. थेट रीसेट करू का?

उत्तर : रीसेट शेवटी. त्याआधी राउटर उलटा करून चिकटपट्टी बघा आणि तिच्यावरचं नेटवर्कचं नाव फोनच्या यादीत दिसणाऱ्या नावाशी ताडून पाहा. नाव अक्षरशः तेच असेल तर पासवर्डही कुणी बदलला नसण्याची शक्यता चांगली आहे. नाव वेगळं असेल तर पट्टीवरचा पासवर्ड बहुतेक उपयोगाचा नाही.

मग घरातला लॅपटॉप. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', वाय-फाय आणि 'मॅनेज नोन नेटवर्क्स' या वाटेनं गेलं की साठवलेल्या नेटवर्कचा पासवर्ड पाहता येतो. टीव्ही जोडलेला असला तरी तो सहसा पासवर्ड दाखवत नाही, त्याच्या मागे लागू नका.

तिसरी वाट केबलची. राउटरच्या लॅन छिद्रातून नेटवर्कची वायर लॅपटॉपला जोडा. फोनच वापरायचा असेल तर यूएसबी-सीला लागणारा इथरनेट अॅडॉप्टर बहुतेक नव्या फोनवर चालतो. वायरीला वाय-फायचा पासवर्ड लागत नाही, राउटरचं पान सरळ उघडतं. व्यवस्थापनाचा पासवर्ड मात्र इथंही हवाच. राउटर सेवा देणाऱ्या कंपनीचा असेल तर तिच्या अॅपमधून किंवा मदत क्रमांकावरून वाय-फायचा पासवर्ड बदलून मिळतो का तेही विचारा. तुमच्या नावावरचं कनेक्शन असल्याची खातरजमा ते करतील.

हे सगळं फसलं तर रीसेट. त्यात फक्त वाय-फायचा पासवर्ड जात नाही, सगळंच जातं. इंटरनेट पीपीपीओई पद्धतीनं (म्हणजे राउटर कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करतो त्या पद्धतीनं) येत असेल तर त्याचं वापरकर्तानाव आणि पासवर्ड आधी कंपनीकडून लिहून घ्या, आणि व्हीलॅन क्रमांक (काही कंपन्यांच्या कनेक्शनसाठी राउटरमध्ये भरावा लागणारा आकडा) लागतो का तेही विचारा. फायबरची काच जिथं येते तो डबा आणि राउटर एकच असेल तर कंपनीशी बोलल्याशिवाय हात लावू नका. काहींमध्ये नोंदणीची माहितीही पुसली जाते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत इंटरनेट नाही.

राउटर चालू असतानाच बारीक भोकातलं बटण सरळ केलेल्या पेपर क्लिपनं दाबून धरा. १० सेकंद बऱ्याच मॉडेलना पुरतात, काहींना त्याहून जास्त लागतात. घड्याळापेक्षा दिव्यांकडे बघा. ते सगळे एकदम लुकलुकले किंवा विझले की सोडा आणि दोन-तीन मिनिटं वीज तोडू नका. बटण लवकर सोडलं तर राउटर नुसता पुन्हा सुरू होतो आणि 'रीसेट करूनही जुनाच पासवर्ड मागतोय' अशी तक्रार येते. काही राउटरांत रीसेट आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय उपकरण जोडण्याची सोय) यांचं बटण एकच असतं, थोडं दाबलं तर डब्ल्यूपीएस, धरून ठेवलं तर रीसेट.

यानंतर पट्टीवरचं नाव आणि पासवर्ड चालतो. वाय-फाय जोडलं गेलं पण 'इंटरनेट नाही' असं दिसलं तर राउटर बिघडलेला नाही, पीपीपीओईचे तपशील भरायचे राहिलेत.

प्रश्न : पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी फोन जोडला जात नाही.

उत्तर : फोन नेमकं काय म्हणतो ते वाचा. 'जोडा' हे बटणच फिकं असेल तर अक्षरं आठपेक्षा कमी पडली आहेत. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा प्रकारामध्ये पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो.

'पासवर्ड चुकीचा' असं येत असेल तर डोळ्याचं चिन्ह दाबून टाइप केलेलं वाचा. कीबोर्डनं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल केलेलं असतं, किंवा मेसेजमधून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून आलेली असते. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांची गल्लत तर नेहमीची. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच हे आपल्या लेखी एकच असले तरी राउटरच्या लेखी दोन निराळी चिन्हं आहेत. पासवर्ड टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

'आयपी पत्ता मिळवत आहे' इथं अडकत असेल तर पासवर्ड मान्य झालेला आहे, दोष पुढचा. राउटर एकदा बंद-चालू करा. राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच परवानगी देणारी मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकांची) गाळणी लावलेली असेल तर नवा फोन बाहेरच राहतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता दाखवतात. त्या नेटवर्कपुरतं फोनच्या तपशिलात जाऊन खरा पत्ता वापरायला सांगा, किंवा गाळणीच काढा. तशीही ती घरात फारशा कामाची नाही.

आणि राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुने फोन जोडलेच जाणार नाहीत. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा.

प्रश्न : वाय-फायचा पासवर्ड शोधून देणारी अॅप्स वापरावीत का? आणि डब्ल्यूपीएस?

उत्तर : अॅप्स नकोत. अँड्रॉइड साठवलेले पासवर्ड इतर अॅप्सना वाचू देत नाही, त्यामुळे रूट न केलेल्या (म्हणजे यंत्रणेची कुलपं न काढलेल्या) फोनवर ती खोटे आकडे नाचवतात आणि जाहिराती दाखवतात. 'समुदायाचे पासवर्ड' देणारी अॅप्स तर तुमचाच पासवर्ड उचलून इतरांना वाटू शकतात. शेजाऱ्याच्या नेटवर्कवर प्रयोग करण्याबद्दल इथं उत्तर मिळणार नाही.

डब्ल्यूपीएसचं बटण दाबल्यावर साधारण दोन मिनिटं पासवर्डशिवाय उपकरण जोडता येतं. प्रिंटरसाठी ते ठीक, पण आयफोनवर ही सोय नाही आणि नव्या अँड्रॉइडमधूनही ती गेली. त्याचा पिनचा प्रकार मात्र बंदच ठेवा. आठ आकड्यांचा तो पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे १० कोटींऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच उघड झालं.

प्रश्न : रीसेटनंतर घरातली सगळी उपकरणं परत एकेक करून जोडावी लागतील का?

उत्तर : जुनं नाव आणि जुना पासवर्ड आठवत असेल, कुठे लिहिलेला सापडला असेल, तर राउटरमध्ये दोन्ही तंतोतंत तसेच घाला. सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. उपकरणांना काही बदललं हे कळतही नाही, ती आपोआप जोडली जातात. नावातला एक कॅपिटल जरी इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या लेखी ते नवं नेटवर्क.

जुना पासवर्ड हाती नसेल तर नावही बदला. नाव तेच आणि पासवर्ड नवा असं केलं तर प्रत्येक उपकरण जुना पासवर्ड लावत राहतं आणि 'चुकीचा' म्हणून कुरकुरतं. या वेळी मात्र, आणि फक्त याच वेळी, 'फरगेट' दाबायला हरकत नाही. स्मार्ट प्लग, कॅमेरे यांसारखी उपकरणं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा ती जोडताना ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद ठेवलं तर डोकेदुखी वाचते. सगळं जुळलं की क्यूआर कोड छापून राउटरच्या तळाला चिकटवा, आणि व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळ्या कागदावर, पीपीपीओईच्या तपशिलांसोबत ठेवा.