नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस नेमका कशासाठी मिळाला?

तुम्ही विचारलंय की हे ब्रिटिशांचं सर्वोच्च युद्धशौर्यपदक जखमींना वाचवलं म्हणून मिळालं की मशीनगन बंद पाडल्या म्हणून. दोन्हींसाठी. पण माझ्या मते अवघड भाग पहिला, आणि तोच एका ओळीत उरकला जातो.

दुसरं महायुद्ध, 9 एप्रिल 1945ची संध्याकाळ, इटलीतली सेनिओ नदी. पात्र जेमतेम 15 फूट रुंद, पाणी 4-5 फूट. पण दोन्ही काठांना उंच, तीव्र उताराचे पूरबांध. ते आतून पोखरून जर्मनांनी मोर्चे खणले होते, आणि पूर्व बांधाच्या आतल्या अंगाला, मोर्च्यांच्या वर, सुरुंगांचा पट्टा. म्हणजे नदीत उतरलेला माणूस घळीत सापडल्यासारखाच. त्यात नामदेवांच्या कंपनीच्या तीन मिनिटं आधी दुसऱ्या कंपनीने पश्चिम बांधावर हल्ला केल्यामुळे शत्रू सावध होता.

नामदेव मराठा लाइट इन्फंट्रीत कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. म्हणून कंपनी कमांडरच्या सोबत. पाण्यातून वर येताच किमान तीन मोर्च्यांतून गोळीबार झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी, त्या गटातले बाकीचे ठार. धड फक्त नामदेव.

आता हिशेब करा. खांद्यावर माणूस घेतला की हत्यार चालवता येत नाही. छातीभर पाण्यात जखमीचं तोंड वर धरायचं. चढावर ओझ्यामुळे पायाखालचं दिसत नाही, आणि तिथेच सुरुंग. वरून मशीनगन आणि मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांचा मारा. एकाला असं सुखरूप पोचवलं. मग सगळं माहीत असताना दुसऱ्यासाठी पुन्हा गेले!

त्यानंतर तिसरी फेरी. पहिला मोर्चा टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, गप्प केला. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, ती फेकून दिली आणि हातबाँब घेतले. ते संपत आल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून आणखी घेतले. असे आणखी दोन मोर्चे संपवले. मग मॉर्टरचा मारा चालू असतानाच बांधावर उभं राहून, मराठ्यांची रणगर्जना करत, उरलेल्यांना हाताने पुढे बोलावलं.

एक घोळ होऊ शकतो: याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे वेगळे. त्यांनाही इटलीतल्याच लढाईसाठी हे पदक मिळालं, पण 1944मध्ये आणि मरणोत्तर. निमज गावचे नामदेव युद्धातून जिवंत परतले, 1984पर्यंत जगले.