मोठी चाके, ओव्हरड्राइव्ह आणि क्राऊन-पिनियनचे दात

प्रश्न : मी अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. माझ्याकडे २००४ सालची शेवरोले सिल्व्हराडो १५०० ही फोर बाय फोर पिकअप आहे. तिला ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन, ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ३.४२ चा ॲक्सल रेशो आहे. गेल्या वर्षी गाडी उंच करून २६५/७५आर१६ ऐवजी ३१५/७५आर१६ टायर बसवले. तेव्हापासून हमरस्त्यावर थोडासा चढ आला तरी गिअर चौथ्यातून तिसऱ्यात येतो, पुन्हा चौथ्यात जातो आणि हे सतत चालू राहते. मायलेजही गॅलनला १६ मैलांवरून १४ वर आले आहे. उन्हाळ्यात मी ट्रेलर ओढतो. काही मित्र म्हणतात, ओव्हरड्राइव्ह कायमचा बंद ठेवा. गॅरेजवाले म्हणतात, ४.५६ चे गिअर टाका. काय करावे?

उत्तर : आपल्या मित्रांचा आणि गॅरेजवाल्यांचा सल्ला वरवर वेगळा दिसला तरी दोघे एकाच हिशेबाच्या दोन टोकांविषयी बोलत आहेत, म्हणून आधी तो हिशेब मांडू. इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोहोचताना दोनदा बदलतात, एकदा गिअरबॉक्समध्ये आणि एकदा ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे मोठ्या दातेरी चक्रात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान चक्रात. ॲक्सल रेशो ३.४२ म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) ३.४२ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. आपल्या गिअरबॉक्सचे रेशो अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे आहेत. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारखेच फिरतात. चौथ्यात शाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याला इंजिन केवळ ०.७० फेरा घेते आणि यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. टायरचा व्यास हा या साखळीतला तिसरा दुवा आहे, आणि आपण बदलला तो नेमका हाच.

आपल्या जुन्या टायरचा व्यास ३१.६५ इंच होता, नव्याचा ३४.६ इंच आहे. म्हणजे चाक प्रत्येक फेऱ्यात सुमारे ९ टक्के अधिक अंतर कापते, आणि कंपनीने दिलेल्या ओव्हरड्राइव्हवर आपण नकळत आणखी एक लहानसा ओव्हरड्राइव्ह चढवला आहे. फरक इतकाच की तो कोणत्याही बटणाने बंद करता येत नाही. गाडीच्या दृष्टीने आपला ३.४२ चा ॲक्सल आता ३.१३ चा झाला आहे.

इंजिनाचे फेरे काढण्याचे सूत्र सोपे आहे : ताशी किलोमीटरमधील वेग गुणिले ॲक्सल रेशो गुणिले गिअर रेशो गुणिले २०९, भागिले टायरचा इंचांतील व्यास. कोलोरॅडोत शहराबाहेरच्या हमरस्त्यांवर अनेक ठिकाणी ताशी ७५ मैलांची, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला जुन्या टायरवर चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे १९०० फेरे घेत असे, आता ते १७३५ घेते. (हे आकडे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग, लॉक झालेला असतानाचे आहेत, तो सुटला की फेरे याहून वाढतात.) या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४००० फेऱ्यांना मिळतो. १७३५ फेऱ्यांवर सपाट रस्त्यावर गाडी चालवण्यापुरती ताकद असते, पण चढ किंवा समोरचा वारा आला की ती पुरत नाही. मग गाडीतील संगणक आधी कन्व्हर्टर सोडतो, नंतर गिअर खाली आणतो. भार जरा हलका होताच पुन्हा चौथा गिअर लावतो, आणि तो पेलत नाही म्हणून पुन्हा खाली येतो. आपण सांगितलेली धरसोड ती हीच. त्यात डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच आहे, आणि आपल्यासारख्या टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरना साधारण ३ टक्क्यांनी घटते. आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा तर ३४०० मीटरवर आहे आणि तेथे जाणाऱ्या रस्त्याला ६ ते ७ टक्के चढ आहे, म्हणजे सर्वाधिक ताकद जेथे हवी तेथे ती सर्वांत कमी मिळते.

आता आपल्या मायलेजविषयी. आपला मैलमापक गाडीने कापलेल्या अंतरापेक्षा कमी मोजतो आहे. त्याच्या हिशेबाने गॅलनला १४ मैल पडत असतील, तर प्रत्यक्षात सुमारे १५.३ मैल पडतात. घट आहे, पण आपल्याला वाटते तिच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि जी आहे तिला जड टायर व उंच झालेल्या गाडीला होणारा हवेचा विरोध हीही कारणे आहेत. इंधनखर्च वाचेल या एकाच अपेक्षेने गिअर बदलणार असाल तर बदलू नका, असेच मी सांगेन. शिवाय काटा ७५ दाखवत असताना आपण ८२ च्या वेगाने जात असता. पोलिसांच्या रडारला आपल्या टायरचा आकार ठाऊक नसतो.

ओव्हरड्राइव्ह कायमचा बंद ठेवावा, हे मला पटत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये १२० च्या वेगाला इंजिन जवळजवळ २४८० फेरे घेईल. गाडी ते सहन करील, पण सपाट रस्त्यावर तासन्‌तास विनाकारण इंधन आणि आवाज सोसावा लागेल. मात्र चढावर गिअरची धरसोड सुरू झाली की लिव्हर लगेच ३ वर घ्यावा. या गिअरबॉक्समधील तिसऱ्या-चौथ्या गिअरची क्लच ही त्याची दुबळी जागा म्हणून मेकॅनिकांत प्रसिद्ध आहे, आणि तिला सर्वांत जास्त त्रास होतो तो सतत लागण्या-सुटण्याचा व त्यातून तापणाऱ्या तेलाचा. ट्रेलर जोडलेला असताना टो-हॉल (ओझे ओढण्यासाठीचे) बटण दाबावे, म्हणजे गिअर उशिरा बदलतात आणि धरसोड कमी होते. उतारावरही लिव्हर ३ वर, गरज पडल्यास २ वर ठेवावा. मोठ्या आणि जड चाकांमुळे ब्रेकवरचा भार वाढलेला असतो, तो सगळा ब्रेकवरच टाकू नये.

मूळ उपाय ॲक्सलमध्येच आहे. आपल्या मागच्या ॲक्सलच्या क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १२. ४१ भागिले १२ म्हणजे ३.४२. पिनियन ११ दातांचे घेतले तर ३.७३, १० दातांचे घेतले तर ४.१०, आणि ९ दातांचे घेतले तर ४.५६ रेशो मिळतो. आपल्या टायरमधला ९ टक्क्यांचा फरक या शिडीच्या जवळजवळ एका पायरीएवढा आहे. ३.७३ टाकले तर गाडी पूर्वीच्या ३.४२ सारखी होईल, म्हणजे केवळ भरपाई होईल. ४.१० टाकले तर ती मूळ टायरवरील ३.७३ सारखी, आणि ४.५६ टाकले तर मूळ टायरवरील ४.१० पेक्षा किंचित अधिक जोरदार वागेल.

निव्वळ भरपाईसाठी दोन्ही ॲक्सल उघडण्यात अर्थ नाही, कारण टायर नुसते मोठे नाहीत, जडही आहेत, म्हणून ३.७३ मी बाद करतो. उरलेल्या दोहोंपैकी आपल्यासाठी मी ४.१० निवडीन. त्यावर १२० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये २०८० फेरे मिळतात. ट्रेलरसह ९० च्या वेगाने चढताना तिसऱ्यात सुमारे २२३० आणि दुसऱ्यात ३६३० फेरे मिळतात, आणि तेथे हे इंजिन खऱ्या अर्थाने जागे असते. ४.५६ वर रिकामी गाडी हमरस्त्यावर २३०० च्या पुढे धावेल, आणि ९ दातांचे पिनियन आकाराने लहान असल्याने मोठ्या चाकांचा ताण सहन करण्याची त्याची ताकदही कमी असते. दर आठवड्याला ट्रेलर घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला ४.५६ योग्य ठरेल. आपला ट्रेलर उन्हाळ्यापुरता आहे.

काम सुरू करण्यापूर्वी ग्लोव्ह बॉक्समधील लेबल पाहावे. तेथे जीयू६ लिहिले असेल तर ॲक्सल ३.४२ चा आहे. जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच रेशोचा हवा, नाहीतर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारा भाग) आणि शाफ्ट एकमेकांविरुद्ध ओढू लागतील. त्यामुळे खर्च दुप्पट होतो, आणि पुढच्या ॲक्सलवर तो वाचवण्याचा सल्ला कोणी दिल्यास त्या गॅरेजात गाडी देऊ नये. क्राऊन-पिनियन बसवताना दातांवर रंग लावून ते कोठे टेकतात हे तपासणे आणि त्यांच्यातील मोकळीक मोजणे हे अनुभवी हाताचे काम आहे. ते चुकले तर ॲक्सल गुणगुणू लागतो आणि पुढे दात खाल्ले जातात. नवे दात तापून बसतात, म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले ५०० मैल ट्रेलर ओढू नये आणि त्यानंतर ॲक्सलचे तेल बदलावे.

स्पीडोमीटरचे काम त्यानंतरही उरते. आपल्या गाडीत वेगाचा सेन्सर ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असून तो शाफ्टचे फेरे मोजतो. आज काटा ९ टक्के कमी वेग दाखवतो, ४.१० बसवून संगणकात बदल केला नाही, तर तो तितकाच जास्त दाखवू लागेल. टायरचा व्यास आणि ॲक्सल रेशो या दोन्ही नोंदी प्रोग्रामर या उपकरणाने संगणकात भरून घ्याव्यात, कारण गिअर केव्हा बदलायचा हेही संगणक त्यांवरूनच ठरवतो.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये मी १९७८ सालचा फोर्ड एफ-२५० फोर बाय फोर हौसेने बाळगला आहे. त्याला सी६ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ४.१० चे ॲक्सल आहेत. ३१ इंची टायर काढून ३५ इंची बसवले आहेत. आता ४.५६ चे गिअर टाकावेत का? की वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडावा?

उत्तर : आपले प्रकरण डेन्व्हरच्या वाचकांच्या अगदी उलट आहे. सी६ मध्ये ओव्हरड्राइव्ह नाही. त्याचा सर्वांत वरचा गिअर १.०० आहे. हा ट्रक निघाला तेव्हा अमेरिकेत ताशी ५५ मैलांची देशव्यापी वेगमर्यादा होती, आणि फोर्डचा ओव्हरड्राइव्ह असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९८० साली आला. ताशी ११० किलोमीटरला ३१ इंची टायरवर आपले इंजिन मिनिटाला ३०४० फेरे घेत होते, आता ते साधारण २७०० घेते. मोठ्या टायरांनी येथे गाडीचे भलेच केले आहे. ४.५६ टाकले तर आपण पुन्हा जवळजवळ ३००० वर जाल, आणि ह्यूस्टनच्या सपाट भूमीवर त्याचे काहीच प्रयोजन नाही.

लांबचा प्रवास खरोखरच वारंवार होत असेल, तर गिअर व्हेंडर्स या कंपनीचा, गिअरबॉक्सच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह हा चांगला मार्ग आहे. त्याचा रेशो ०.७८ आहे, म्हणजे फेरे सुमारे २१०० वर येतील. फोर बाय फोर गाडीत तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टवर जोडावा लागतो, त्यामुळे पुढची चाके जोडलेली असताना तो वापरता येत नाही. पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू लागतील. खर्च बराच आहे. महिन्यातून दोनदा रविवारी फेरफटका मारण्यासाठी मी तो करणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची मॅन्युअल गिअरची थार आहे. साताऱ्याच्या डोंगरांत जाण्यासाठी ३३ इंची टायर घालायचे आहेत. क्राऊन-पिनियनही बदलावे लागेल का?

उत्तर : थारच्या २५५/६५आर१८ टायरचा व्यास सुमारे ३१ इंच असतो, म्हणजे फरक ६ टक्क्यांच्या आसपास पडेल. गिअर आपण हाताने बदलता, त्यामुळे चढावर एक गिअर खाली घेऊन तो सहज भरून काढता येतो आणि कच्च्या रस्त्यावर लो रेंज (फोर बाय फोरची हळू पण जोरदार गिअरश्रेणी) आहेच. क्राऊन-पिनियनच्या खर्चाचा विचार करू नये.

विचार करावयाचा तो कायद्याचा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ ठामपणे मांडला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. टायर विकत घेण्याआधी आपल्या आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि उत्तर नकारार्थी आल्यास मूळ मापातच जाड कडेचा, खोल नक्षीचा टायर घ्यावा; साताऱ्याच्या चिखलात व्यासापेक्षा नक्षीच अधिक उपयोगी पडते.