घसा खराब होतो, गळा नव्हे

नागपुरातल्या धंतोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: 'गळा खराब झाला' बरोबर की 'घसा खराब झाला'? आणि घास अडकतो तो नेमका कशात? मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात यांपैकी एकही शब्द नाही, तिथं 'ग्रसनी' आहे.

घसा. थंडी पडली की सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत जो भेटेल तो 'गळा खराब होऊन राहिला' म्हणतो. हे हिंदीतलं 'गला खराब', फक्त ळ लावून घेतलेलं. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, देवघेव होणारच. 'होऊन राहिला'बद्दल माझी तक्रार नाही, ती आपली ऐट आहे. पण 'गळा खराब'नं मराठीनं स्वतः केलेला एक भेद बुडतो. गळा बाहेरचा: त्यात हार घालतात, पोरं त्यात पडतात. गाणाऱ्याचाही गळाच. घसा आतला: तो खवखवतो, बसतो, कोरडा पडतो, पोह्यांवर तर्री जास्त झाली की जळतो. न खपणारा माल लोकांच्या गळ्यात मारतात, भावाची जमीन घशात घालतात. उलट करून बघा, जमत नाही.

आता खरी गंमत. घसा हा माझ्या मते संस्कृतातल्या घस् धातूचा. घस् म्हणजे खाणे. अद् धातूच्या काही रूपांत त्याच्या जागी घस् येतो, असं पाणिनी सांगतो: 'लुङ्सनोर्घस्लृ'. म्हणून खायची इच्छा ती जिघत्सा, आणि अधाशी तो घस्मर. रुद्राभिषेकात चमक (रुद्राच्या जोडीनं म्हणायचा मंत्रपाठ) म्हणताना 'सग्धिश्च मे सपीतिश्च मे' येतं. सग्धि म्हणजे सोबत बसून जेवणं, आणि त्यातही हाच घस् दडलाय. म्हणणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. गुरांचा लसूणघास, हिंदीतलं गवत या अर्थाचं घास, आपल्या ताटातला घास, सगळे याच गोत्राचे. घास जातो तो घसा. इतकं सरळ आहे.

कोशवाल्यांना सरळ चालत नाही. घास 'ग्रास'वरून आला म्हणतात. ग्रामाचं गाव झालं, ग्रंथीची गाठ झाली. ग्रचा ग होतो. मग एकट्या ग्रासालाच हा जास्तीचा हकार, म्हणजे गचा घ करणारा ह, कोणी वाढला? दुसरा पक्ष घसा घर्षणाशी जोडतो, कारण तो खरखरतो. वर्षातले चार दिवस खरखरतो म्हणून कायमचं नाव? या न्यायानं नाकाचं नाव शेंबडावरून पडायला हवं होतं. तिसरे म्हणतात घसरण: घास घसरत खाली जातो म्हणून घसा. यांनी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं दिसत नाही. घास घसरत नाही, ढकलला जातो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि ही लाट आठ-दहा सेकंदांत घास जठरात पोचवते. म्हणून तर आडवं पडूनही गिळता येतं. अंतराळवीरांना तर वर-खाली काहीच नसतं, तरी ते जेवतात.

गळ्याचे कैवारी म्हणतील, 'गळा' हा 'गल'वरून आणि गल म्हणजे गिळणारा, मग आतला तोच! व्युत्पत्ती कबूल. गॄ म्हणजे गिळणे. बकरा गिळतो तो अजगर, त्यातलाही 'गर' हाच. पण शब्दाचं मूळ काहीही असो, लोक आज तो कशासाठी वापरतात ते बघायचं. (हे माझ्या घस्लाही लागू आहे. तो दोन्हीकडून जुळतो, त्याला माझा इलाज नाही.)

ग्रसनी म्हणजे नाक-तोंडामागची १२-१३ सेंटिमीटरची जागा, हवा आणि अन्न या दोघांची सामाईक वाट. परीक्षेत जरूर लिहावं. डॉक्टरांना 'माझी ग्रसनी दुखते' म्हणालात तर ते आधी ताप बघतील.

अडकण्याचा प्रश्न राहिला. गिळताना मऊ टाळू पडजिभेसकट वर जाऊन नाकाची वाट अडवतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्या तोंडावर झाकण येतं आणि श्वास क्षणभर थांबतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. वर जाऊन खाली येते ती घाटी. जेवताना हसलात-बोललात आणि ही वेळ चुकली की ठसका. हवेच्या नळीसाठीही मराठीत फर्मास शब्द आहे, नरडं. ते हाताला कडक लागतं, कारण त्यात कूर्चेच्या १६ ते २० कड्या असतात. या कड्या मागून अर्धवट उघड्या असतात आणि तिथंच अन्ननलिका टेकलेली असते. तेव्हा ताई, माणूस बोलतोय, श्वास चालू आहे, पण घास उतरत नाही, तर तो घशात किंवा त्याच्या खाली अन्ननलिकेत. बोलताच येत नाही, खोकलाही फुटत नाही, तर नरड्यात. अशा वेळी शब्द शोधू नका. त्याला पुढे वाकवा आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात धपके द्या.