ठाणे कोर्टातल्या जिल्हा न्यायाधीशांनी सरकारच्या विरोधात निकाल दिला तर मंत्री त्यांची बदली करू शकतात का?

नाही, मंत्र्याला तो अधिकारच नाही. कलेक्टर, तहसीलदार, पोलीस यांच्या बदल्या मंत्रालयातून होतात म्हणून लोकांना वाटतं जजचंही तसंच असणार, पण घटनेच्या कलम २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालयांवर कंट्रोल हायकोर्टाचा, त्यामुळे ठाणे काय किंवा बेलापूर काय, जजच्या बदलीची ऑर्डर मुंबई हायकोर्टातूनच निघते, खाली रजिस्ट्रारची सही असते, आणि उन्हाळ्याच्या आसपास त्या याद्या आल्या की बाररूममध्ये दिवसभर तोच विषय (मी इथेच प्रॅक्टिस करतो). आसाममधल्या रंगा महंमद केसमध्ये सरकारनेच बदल्या करायचा हक्क सांगितला होता, सुप्रीम कोर्टाने साफ नाही म्हटलं. निकाल पटला नाही तर सरकारलाही तुमच्याआमच्यासारखं अपीलच करावं लागतं.

फक्त एक, हे जिल्हा पातळीपुरतं. हायकोर्टाच्या जजची बदली कलम २२२ खाली राष्ट्रपतींच्या नावाने होते, शिफारस कॉलेजियमची (सरन्यायाधीश आणि सुप्रीम कोर्टाच्या ज्येष्ठ जजांचा गट) असली तरी फाईल केंद्र सरकारकडे जातेच आणि कधी कधी तिथे बसून राहते, खरी शंका घ्यायला जागा आहे ती इथे. आणीबाणीत सुप्रीम कोर्टाचे न्या. एच. आर. खन्ना यांनी १९७६ च्या जबलपूर केसमध्ये (अटकेत ठेवलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, याची केस) एकट्याने सरकारच्या विरोधात मत दिलं, तर १९७७ मध्ये त्यांना डावलून ज्युनियर असलेल्या न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. बदली न करताही हिशेब चुकता करता येतो तो असा.