मुलगी परभणीत बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झाली आणि माझी बदली जालन्याला झाली. तिथं दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तर तिचे क्रेडिट वाया जातील का?

वाया जायला नकोत, पण आपोआप मान्य होतील असंही नाही. क्रेडिट म्हणजे विषय पास झाल्यावर तासांच्या हिशेबानं पदरात पडणारे अंक. एबीसी, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्यात ते दिसले की काम झालं असं समजून पालक टीसी काढून मोकळे होतात, आणि तिथंच घोळ होतो.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि जून-जुलैत प्रवेश समितीत बसतो. पण हे सगळं शिकलो ते स्वतः भोगून. 2006 साली लातूरहून औरंगाबादला आलो, तेव्हा माझा इलेक्ट्रॉनिक्स विषय नव्या कॉलेजात नव्हताच. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करता करता पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर द्यावे लागले. टीसी आधीच काढून बसलो होतो, परत कुठं जाणार?

परभणी आणि जालना एकाच रेल्वेमार्गावर आहेत, पण सेलू सोडून परतूरकडे निघालं की विद्यापीठ बदलतं. 1994 च्या आधी ही भानगड नव्हती, अख्खा मराठवाडा एकाच विद्यापीठात होता. त्या वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. आता परभणी, लातूर, हिंगोली, नांदेड तिकडं, तर जालना, बीड, धाराशिव, संभाजीनगर इकडं. म्हणजे तुमच्या मुलीचं नुसतं कॉलेज बदलत नाही, विद्यापीठही बदलतं. नांदेडचं मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि इकडची एलिजिबिलिटी (प्रवेशाला पात्र असल्याची मान्यता) दोन्ही लागणार.

एबीसी 2021 पासून आहे. क्रेडिट तिथं जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. नावात बँक असली तरी एका बँकेतले शंभर रुपये दुसरीत शंभरच राहतात, तसं इथं होत नाही. परभणीचे 44 क्रेडिट खात्यात 44 च दिसतील, पण त्यातले किती धरायचे हे प्रवेश देणारे ठरवतात.

अडतं कुठं? मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात सहसा नाही, पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र सगळीकडं थोडंफार सारखंच असतं. अडतं ते व्हीएससी (कौशल्याचा विषय), ओई (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) असल्या दोन-दोन क्रेडिटच्या किरकोळ विषयांत, कारण ते प्रत्येक कॉलेज आपापल्या सोयीनं चालवतं. गेल्या जुलैत एक मुलगा असाच आला. व्हीएससीला त्यानं अळिंबी लागवड घेतली होती, आमच्या यादीत ती नाही. हेडक्लार्कनं मार्कशीटवर त्या ओळीपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि पोराचा चेहरा उतरला. मार्कशीटवर विषयाचा कोड आणि नाव एवढंच असतं, आत काय शिकवलं ते कसं कळणार? वडील सिलॅबस आणायला संध्याकाळच्या गाडीनं माघारी गेले. आणल्यावर पाहिलं तर दोन क्रेडिट, साठ तास प्रात्यक्षिक. आमच्याकडच्या व्हीएससीलाही तेवढेच तास. दहा मिनिटांत प्रश्नचिन्ह खोडलं गेलं.

दोन चकरा मारण्याची ऐपत आणि रजा ज्याच्याकडं नाही, त्याचे क्रेडिट असेच जातात. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत जीएओ या सरकारी तपास संस्थेनं 2017 साली अंदाज मांडला की 2004 ते 2009 दरम्यान संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के क्रेडिट गेले. मोनाघन आणि अटवेल या अभ्यासकांना 2015 मध्ये दिसलं की कम्युनिटी कॉलेजातून (तिकडची दोन वर्षांची कॉलेजं) आलेल्यांपैकी ज्यांचे जवळपास सगळे क्रेडिट धरले गेले, त्यांचे पदवी पूर्ण करण्याचे ऑड्स (होण्याचं न होण्याशी प्रमाण) निम्म्याहून कमी धरले गेलेल्यांच्या अडीच पटींहून जास्त होते. म्हणजे पोरगं हुशार असून भागत नाही, समोरच्या टेबलावर काय ठरतं त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. देशादेशांमधल्या पदव्यांसाठी युरोपात 1997 चा लिस्बन करार आहे. त्यात नाकारायचं तर ठोस फरक नाकारणाऱ्यानं दाखवायचा असतो. आपल्याकडं सारखेपणा पालकानं सिद्ध करायचा, हे मला उलटं वाटतं. पण आज आहे ते असं आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. एबीसीच्या नियमानुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांचे 132 धरले तर मुलगी 44 घेऊन येते, 88 इथंच होतील. हेच ती तिसऱ्या वर्षाला आली असती तर 88 बाहेरचे आणि 44 इथले, म्हणजे गणितच जमलं नसतं. बदली वेळेवर झाली म्हणायची.

आता टीसीला हात लावू नका. आधी मार्कशीट आणि सिलॅबस घेऊन जालन्याच्या कॉलेजात जा. मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयाची) तीच जोडी तिथं आहे का, दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, कुठला विषय धरणार नाहीत, हे विचारा आणि त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणारा माणूस ऑगस्टमध्ये रजेवर असतो. एखादा विषय राहिला असेल तर तो कुठल्या विद्यापीठात द्यायचा, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

सिलॅबस नेटवरून काढलेला असला तरी चालतो, पण परभणीच्या प्राचार्यांचा शिक्का पानापानावर घ्या. शेवटच्या पानावरचा एकच शिक्का आमचे हेडक्लार्क तरी मानत नाहीत.