‘संरक्षक प्रतिजन’ : संरक्षण नक्की कोण करतं?

प्रश्न असा आला आहे : मलेरियाच्या लसीवरच्या मजकुरात ‘परजीवीची संरक्षक प्रतिजनं’ असं वाचलं. जो परजीवी आजारी पाडतो, त्याचंच प्रथिन आपलं संरक्षक कसं?

शंका रास्त आहे. प्रतिजन (अँटिजेन) शत्रूचं, प्रतिपिंड (अँटिबॉडी) आपलं. परजीवीच्या ज्या रेणूमुळे शरीरात प्रतिपिंडं जन्माला येतात, तो रेणू म्हणजे प्रतिजन. राखण करतात ती प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी. ‘संरक्षक प्रतिजन’मध्ये मधले शब्द गाळलेले आहेत : ज्याच्याविरुद्धचा प्रतिकार संरक्षक ठरतो, ते प्रतिजन. असे शब्द गाळणं मराठीला नवं नाही. लंगोटीमित्र काही लंगोटीचा मित्र नसतो. अडचण इतकीच की ‘संरक्षक भिंत’, ‘संरक्षक जाळी’ या शब्दांनी कानाला सवय लावली आहे. तिथे भिंत स्वतःच राखण करते, म्हणून इथेही प्रथिनच राखण करत असेल असं वाटतं.

मग नुसतं ‘प्रतिजन’ म्हणून का भागत नाही? कारण प्रत्येक प्रतिजनाविरुद्धचा प्रतिकार उपयोगी पडतोच असं नाही. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीकडे पाच हजारांहून अधिक जनुकं आहेत. त्यांच्या कितीतरी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, पण त्यातली बरीचशी ‘संसर्ग होऊन गेला’ एवढंच सांगतात. १९६१ साली गाम्बियात प्रतिकारक्षम प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातला प्रतिपिंडं असलेला अंश) आजारी मुलांना दिलं, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. प्रतिपिंडं राखण करतात हे त्यातून ठरलं. त्यातली नेमकी कुठली, हा शोध मात्र अजून चालू आहे.

हा शोध सोपा नाही. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर परजीवी जे पीएफईएमपी१ नावाचं प्रथिन मांडतो, त्याच्या साठएक आवृत्त्या त्याच्या जनुकांत असतात. एकीला शरीराने ओळखलं की तो दुसरी पुढे करतो. याउलट आरएच५ हे परजीवीचं दुसरं प्रथिन फारसं बदलत नाही आणि त्याच्याशिवाय परजीवीला तांबड्या पेशीत शिरता येत नाही. पण नैसर्गिक संसर्गात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं बेताचीच बनतात. म्हणजे शरीर ज्याच्यावर जास्त आरडाओरडा करतं तेच कामाचं लक्ष्य असेल असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ आणि २०२३ मध्ये शिफारस केलेल्या आरटीएस,एस आणि आर२१ या दोन्ही लसींचा नेम सर्कमस्पोरोझोइट प्रथिनावर आहे. डास चावल्यावर यकृताकडे निघालेल्या परजीवीच्या अंगावर ते असतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या उल्लेखात ‘संरक्षक प्रतिकाराचं लक्ष्य असलेलं प्रथिन’ असं सविस्तर लिहावं आणि पुढे ‘लक्ष्य-प्रथिन’ म्हणावं. त्यात कर्ता-कर्माची अदलाबदल होत नाही.

शिवाय ‘संरक्षक’ म्हटलं की ‘कोणाचा?’ हेही सांगावं लागतं. पीएफएस२५ हे प्रथिन परजीवीच्या अंगावर डासाच्या पोटात गेल्यावरच येतं. लसीने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर ती रक्ताबरोबर डासात जाऊन तिथे परजीवीची वाढ रोखतात. ज्याने लस घेतली त्याचा ताप त्याने टळत नाही. टळतो तो त्या डासाच्या पुढच्या चाव्याचा.